मुंबईच्या बागा, चार दिवस आणि आजीचे बाकाचे मार्क

नाताळच्या सुट्टीत कुठं जायचं यावरून आमच्याकडं दरवर्षी भांडण होतं. ह्यांना गोवा पाहिजे असतं, थोरल्याला बर्फ पाहिजे असतो (सांगलीहून!), धाकटीला जिथं आईस्क्रीम मिळेल तिथं चालतं, आणि सासूबाई म्हणतात मी घरीच बरी आहे, तुम्ही जावा. या वेळी नणंदेनं फोन करून सांगितलं की सगळे मुंबईला या, आईंनाही आणा, परळला आमच्याकडं राहा, घर लहान आहे पण मन मोठं आहे वगैरे. घर खरंच लहान आहे, वन बीएचके, त्यात त्यांचे चौघं आणि आमचे पाच, पण ते जाऊ दे.

सासूबाईंची एकच अट होती. मॉलमध्ये न्यायचं नाही. मागच्या वेळी मॉलमध्ये त्या दोन तास एका चपलांच्या दुकानात ट्रायलच्या स्टुलावर बसल्या होत्या, ते त्या विसरलेल्या नाहीत. वय ७२, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण माहेर लालबागचं, चाळीतलं, त्यामुळं मुंबई म्हटलं की डोळे चमकतात. मग ठरलं, चार दिवस फक्त बागा आणि मैदानं बघायची. थोरला नऊ वर्षांचा आहे आणि त्याला सध्या प्रत्येक गोष्टीला मार्क द्यायचा नाद लागलाय, आमटीलासुद्धा देतो, तर त्यानं जुन्या वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला. तो स्वतः खेळायच्या जागेला मार्क देणार, धाकटी (वय पाच) आईस्क्रीमला, आणि आजी कशाला? आजी म्हणाल्या, मी बाकाला देईन. आम्ही हसलो. पण चार दिवसांनंतर सांगते, म्हातारं माणूस आणि लहान पोर बरोबर असेल तर बाग चांगली की वाईट हे बाकच ठरवतो. सावलीतला बाक, पाठ टेकता येणारा, आणि तिथून पोरं दिसली पाहिजेत.

पहिला दिवस, बुधवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी पोचलो. प्लॅन होता की अंघोळ, पोहे आणि थेट राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, परळहून अगदी जवळ म्हणून. पोरं पेंग्विन पेंग्विन करत तयार, मी डबा भरलेला, आणि चपला घालताना नणंदेचा मुलगा झोपेतून उठून म्हणाला, "मामी, आज बुधवार ना? बुधवारी बंद असते." चूक आमचीच, बघून जायला पाहिजे होतं. तर लक्षात ठेवा, राणीची बाग बुधवारी बंद. आणि त्यात अजून एक मेख आहे, बुधवारी सरकारी सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. म्हणजे सुट्टीच्या आठवड्यात जाणार असाल तर गुरुवारचीही खात्री करून घ्या.

धाकटीनं भोकाड पसरलं ते दुपारपर्यंत. डबा घरातच बसून खाल्ला. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर ताई (म्हणजे नणंद) म्हणाली चला शिवाजी पार्कला.

शिवाजी पार्कला बाग म्हणावी का नाही यावर आमच्यात वाद झाला. मैदान आहे ते, साधारण २८ एकरांचं. १९२५ साली माहीम पार्क म्हणून सुरू झालं आणि दोन वर्षांनी शिवाजी महाराजांचं नाव दिलं गेलं, म्हणजे शंभरी पूर्ण झालेली आहे. ह्यांना तिथं फक्त क्रिकेट दिसत होतं. सचिन इथंच आचरेकर सरांकडं खेळला, हे थोरल्याला चार वेळा सांगून झालं. पण खरी मजा अशी की एकाच मैदानावर किती मॅची चालू असतात याला हिशोबच नाही, एकाचा लाँगऑन दुसऱ्याचा स्लिपमध्ये उभा, तिसऱ्याचा बॉल चौथ्याच्या पिचवर, आणि कुणीच भांडत नाही. थोरला दहा मिनिटं बघत राहिला आणि मग सरळ एका घोळक्यात जाऊन विचारून आला, फिल्डिंग करू का? घेतला त्याला. अर्ध्या तासानं लाल मातीनं माखून आला, मोजे तर आजतागायत पांढरे झालेले नाहीत. पांढरे कपडे घालून नेऊ नका, एवढंच.

धाकटीला मी एका कडेला मल्लखांब बघायला नेलं. समर्थ व्यायाम मंदिराची पोरं दोरीवर चढत होती, तिच्यापेक्षा जेमतेम वर्ष-दोन वर्षांनी मोठी असतील, आणि दोरीला पायानं आढी घालून उलटी लटकून हात जोडून नमस्कार. धाकटी तोंड उघडं टाकून बघत होती, पेंग्विनचं दुःख तिथं संपलं. (घरी आल्यापासून पडद्याला लटकते. पडद्याची दांडी एकदा खाली आलीय.)

आणि आजी? मैदानाभोवती तो प्रसिद्ध कट्टा आहे. त्यावर तरुण पोरं, म्हातारे, कुत्री फिरवणारे, प्रेमात पडलेले, सगळे ओळीनं बसलेले. आजी बसल्या एका दादरच्या आजींशेजारी. आम्ही तासाभरानं परत आलो तेव्हा त्या दोघींचं गुडघ्याचं ऑपरेशन, सुनांची नोकरी आणि लालबागचा मसाला एवढं सगळं बोलून झालं होतं आणि फोन नंबरची देवाणघेवाण चालू होती. दोघींनाही नंबर सेव्ह करता येत नव्हता म्हणून आमची वाट बघत होत्या. थोरल्यानं वही काढली. आजी म्हणाल्या, सहा. का? "पाठ टेकायला काय नाही. गप्पांना पाठ लागते."

रात्री जवळच्याच 'प्रकाश' उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियुष. रांग होती पण पटापट सरकते. वडा बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, सोबतची चटणी जराशी गोडसर. आम्हा सांगलीकरांना तिखट लागतं त्यामुळं ह्यांनी मिरची मागून घेतली. पियुष मात्र दोन-दोन ग्लास.

दुसरा दिवस, गुरुवार

मलबार हिलवर आता झाडांमधून जाणारी लाकडी उन्नत वाट झालीय, २०२५ च्या मार्चअखेरीला खुली झाली. ४८५ मीटर लांब. तिकीट २५ रुपये, पण ऑनलाइन काढायचं आणि तासाभराचा स्लॉट घ्यायचा. सुट्टीचे स्लॉट भराभर जातात म्हणून ताईनं आठवड्यापूर्वीच सकाळी सातचा काढून ठेवला होता. सातचा स्लॉट म्हणजे नऊ माणसं एका बाथरूममध्ये पाच वाजल्यापासून. असो. पोचलो.

आणि वर्थ होतं. एकदम झाडांच्या फांद्यांच्या उंचीवरून चालायचं, खाली उतारावर दाट रान, पक्ष्यांचे आवाज, आणि आपण मुंबईच्या सगळ्यात महागड्या टेकडीवर आहोत हे विसरायला होतं. एका ठिकाणी पायाखाली काच आहे. थोरला त्यावर उड्या मारायला लागला, मी ओरडले, आणि हे स्वतः काचेच्या कडेकडेनं भिंतीवरच्या पालीसारखे सरकत गेले. आजी मात्र काचेवर मधोमध उभ्या राहून खाली बघून म्हणाल्या, "चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरचा लाकडी जिना याच्यापेक्षा भारी हलायचा." समुद्र दिसतो शेवटी. त्या दिवशी धुरकं होतं, डिसेंबरात मुंबईत सकाळी असतंच म्हणे, त्यामुळं समुद्र आणि आकाश एकाच रंगाचं. स्वच्छ बघायचं असेल तर पावसाळा संपता संपता जा असं ताईचं मत. वाट बरीचशी सपाट आहे, आजी काठी न घेता चालल्या. पण इथं चालत राहायचं, बसायला आलेलो नाही, म्हणून आजींनी मार्क द्यायला नकार दिला. वहीत "लागू नाही" असं लिहिलंय.

तिथून कमला नेहरू पार्क. म्हातारीचा बूट! माझ्या लहानपणी सहलीत बघितला होता तेव्हा तो मला तीन मजली इमारतीएवढा वाटला होता. आता बघितला तर… बूट आहे. आत जिना, वरच्या खिडकीतून पोरं हात हलवतात आणि खालून आई-बाप फोटो काढतात, साठ-सत्तर वर्षं हेच चालू असणार. बाग १९५२ मध्ये झाली. बुटात लहान पोरंच सोडतात, आणि नाताळची सुट्टी असल्यामुळं रांग. धाकटी तीनदा जाऊन आली. थोरला एकदा गेला आणि मग "हे लहान मुलांचं आहे" म्हणून बाहेर उभा राहिला, पण नजर तिथंच. बागेच्या कडेला उभं राहिलं की खाली चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची अख्खी कमान दिसते. दिवे लागताना तर बघायलाच नको, पण मग गर्दीही तेवढीच.

रस्त्यापलीकडं हँगिंग गार्डन. खरं नाव सर फिरोजशहा मेहता उद्यान. ही बाग जमिनीवर नाहीच, पाण्याच्या टाकीवर आहे. १८८० च्या दशकातला तो जलाशय, दक्षिण मुंबईला पाणी देतो, त्यावर छत घातलं आणि छतावर बाग. जवळच पारशी लोकांचा टॉवर ऑफ सायलेन्स आहे, तिथं मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात, त्या गिधाडांमुळं पाणी खराब होऊ नये म्हणून झाकलं असं सांगतात. दोन-तीन वर्षांपूर्वी ही टाकी नव्यानं बांधायची चर्चा होती, तेव्हा बाग काही वर्षं बंद राहणार, झाडं तुटणार म्हणून आसपासच्या लोकांनी जोरदार विरोध केला. हे सगळं मी मुलांना सांगत होते, थोरला लगेच पोटावर आडवा झाला आणि गवताला कान लावून म्हणाला, पाण्याचा आवाज येतोय. येत नव्हता. पण मग धाकटी पण आडवी झाली, आणि शेजारच्या एका गुजराती कुटुंबातली दोन पोरं पण, आणि बघता बघता पाच-सहा पोरं ओळीनं गवतावर कान लावून पडलेली. त्यांच्या आजीनं आमच्या आजीला थेपला दिला, आमच्या आजीनं भडंग. सांगलीचं भडंग बॅगेत नसेल तर आम्ही घराबाहेर पडत नाही.

झुडपं कापून केलेले हत्ती-बैल वगैरे प्राणी आहेत, धाकटी प्रत्येकाला टाटा करत गेली. आणि इथं आजींना बाक सापडला. सावली, पाठ, समोर हिरवळ, हिरवळीवर पोरं. नऊ मार्क. एक का कापला? "उठताना धरायला हात नाही."

एक सांगते, या दोन बागांना संध्याकाळी जाण्यापेक्षा सकाळी लवकर जा. आम्ही साडेदहाला निघालो तेव्हा टॅक्स्यांची नुसती रीघ वर येत होती, आणि खाली जायला टॅक्सी मिळेना. एकानं मीटर बंद आहे सांगून गिरगावपर्यंत एवढे पैसे सांगितले की ह्यांनी त्याला विचारलं, सांगलीला सोडतोस का? पुढची मीटरनं आली.

ठाकूरद्वारला एका जुन्या मराठी हॉटेलात जेवलो. मिसळीविषयी मी काही बोलणार नाही, पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसानं मुंबईची मिसळ खाऊ नये, दोन्ही बाजूंना त्रास. कोथिंबीर वडी आणि थालीपीठ मात्र उत्तम. मग गिरगावहून नव्या भुयारी मेट्रोनं दादर, वीसेक मिनिटं पण नसतील लागली. आजी सरकत्या जिन्याला घाबरल्या, लिफ्ट शोधली. लिफ्ट सगळीकडं आहे, थोडं चालावं लागतं. "आमच्या गिरगावाच्या खाली एवढं मोठं होतं होय," असं म्हणत होत्या, जणू ते आधीपासून होतं आणि यांनी नुसतं झाकण काढलं.

तिसरा दिवस, शुक्रवार

आज राणीची बाग. साडेनऊला उघडते, आम्ही सव्वानऊला गेटवर. दोन मोठी आणि दोन लहान असं चौघांचं मिळून १०० रुपयांचं तिकीट आहे, स्वस्त प्रकरण आहे. चिप्सचे पुडे बॅगेत असतील तर घरीच ठेवा, आमचे गेटवर काढून ठेवायला लागले.

आधी पेंग्विन, गर्दी व्हायच्या आत. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सेऊलहून आणले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळाले, आता इथंच जन्मलेली पिल्लंपण आहेत. हम्बोल्ट जातीचे आहेत, म्हणजे बर्फातले नाहीत, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. थोरल्याला हे कळल्यावर त्याचा जरा विरसच झाला, त्याला बर्फ पाहिजे होता ना. पण काचेमागं ते पाण्यात शिरले की एकदम बाणासारखे जातात आणि बाहेर आले की आमच्या शेजारच्या काकांसारखे चालतात. धाकटी काचेला नाक लावून उभी. एक पेंग्विन बरोबर तिच्यासमोर येऊन थांबला. दोघंही एकमेकांकडं बघत होते, कुणीच हलेना, मागची रांग ओरडायला लागली.

आणि बाहेर आलो तर आजी नाहीत.

पोरं हरवू नयेत म्हणून मी दोघांच्या हातावर पेनानं मोबाईल नंबर लिहिला होता. आजींच्या हातावर कोण लिहिणार? त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये, कारण त्यांना तो जड होतो. हे परत आत पळाले, ताई गेटकडं, मी मगरीकडं (का ते विचारू नका), थोरला "आजी!" म्हणून बोंबलतोय. पंधरा मिनिटं. सगळं सुचून गेलं. शेवटी थोरल्यालाच दिसल्या. एका प्रचंड मोठ्या झाडाखाली बाकावर बसलेल्या, पाय पुढं पसरलेले, शेजारी झाडूवाल्या मावशी, दोघींची गप्पा रंगलेली. "गर्दीत उभं राहवेना म्हणून आले बाहेर. तुम्ही कुठं होता इतका वेळ?" म्हणजे आम्हीच हरवलो होतो.

मग मी पण बसले त्या बाकावर, पाय थरथरत होते. आणि इथं आजी बोलायला लागल्या. सासरे कधी बोलले नाहीत, ह्या पण फारसं माहेरचं सांगत नाहीत. त्यांचे वडील गिरणीत होते. सुट्टीच्या दिवशी पाचही भावंडांना घेऊन लालबागहून चालत यायचे. ट्राम होती तेव्हा, १९६४ पर्यंत होती मुंबईत, पण ट्रामचे पैसे वाचवून त्याचे चणे घ्यायचे, आणि ते चणे हत्तीला द्यायचे का आपण खायचे यावरून मारामारी. हत्तीवर बसायला मिळायचं तेव्हा, पण त्याला तिकीट. पाच पोरांतल्या एकालाच दर खेपेला बसवायचे, पाळीपाळीनं. "माझी पाळी आली त्या दिवशी हत्ती आजारी होता." मग? "मग काय. पुढच्या वेळी भावाची पाळी." एवढंच सांगून त्या उठल्या आणि म्हणाल्या वाघ कुठंय तो बघू.

वाघ झोपला होता. वाघ नेहमी झोपलेलाच असतो, कुठल्याही प्राणिसंग्रहालयात जा. मगरी मात्र काचेतून पाण्याखालून दिसतात, तेवढ्यासाठी अर्धा तास द्या. आणि पक्ष्यांच्या मोठ्या जाळीघरात आपण आत चालत जायचं, पक्षी डोक्यावरून. थोरल्याच्या टोपीवर व्हायचं ते झालं. नशीब काढलं असं आजी म्हणाल्या.

पण खरं सांगू का, मला प्राण्यांपेक्षा झाडं जास्त आवडली आणि लोक ती न बघताच पुढं पळतात. ही मुळात वनस्पती उद्यान म्हणूनच केलेली बाग, १८६२ मध्ये लोकांना खुली झाली, व्हिक्टोरिया गार्डन म्हणून, म्हणून राणीची बाग. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे राणीची ती राणीचीच राहिली. ५० एकरांहून जास्त जागा, भायखळ्यासारख्या ठिकाणी! गोरखचिंचेचा बुंधा बघा, चार माणसांना कवेत येणार नाही. कैलासपतीची फुलं खोडालाच लागतात आणि आत शंकराच्या पिंडीवर नागफणा धरल्यासारखं दिसतं, खाली पडलेलं एक फूल आजींनी उचलून धाकटीला दाखवलं. वास कसला दरवळतो! बागेचं नूतनीकरण निघालं तेव्हा ही झाडं वाचावीत म्हणून मुंबईतल्या काही नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. त्यांच्यामुळं आजींना सावली मिळाली म्हणायचं.

दुपारी शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुलांना कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण तिथली मातीची छोटी छोटी माणसं, जुन्या मुंबईतल्या निरनिराळ्या लोकांचे पेहराव, नौकांच्या प्रतिकृती, थोरला रमला. बाहेर बागेत एक दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका. हा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी १८६४ मध्ये हा उचलून विलायतेला न्यायचा प्रयत्न केला तेव्हा क्रेन मोडली, हत्ती पडून फुटला, आणि मग तुकडे इथं आणून पुढं जोडले. मी हे सांगितल्यावर थोरला म्हणाला, आजी, हा घे, हा आजारी पडणार नाही. चढायला अर्थातच परवानगी नाही. आजींनी त्याच्या सोंडेजवळ उभं राहून फोटो काढून घेतला, न सांगता पदर नीट करून.

राणीच्या बागेतल्या बाकाला दहापैकी दहा. थोरला म्हणाला, आजी तू हरवली होतीस, मार्क कापायला पाहिजेत. आजी म्हणाल्या, बाकाची काय चूक?

चौथा दिवस, शनिवार

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. याला बाग म्हणणं म्हणजे कृष्णेला ओढा म्हणण्यासारखं आहे, १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, शहराच्या मध्ये, तुळशी आणि विहार हे तलाव त्याच्या पोटात. सोमवारी बंद. आम्ही दादरहून सकाळच्या लोकलनं गेलो, शनिवार म्हणून गर्दी बेताची, विरुद्ध दिशेला तर आणखी कमी. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षा केली, चालतही जाता येतं.

आत शिरलं आणि स्वेटर घातला. खरंच. परळला पंखा लावून झोपलो होतो आणि इथं हातावर काटा.

इथं आम्ही दोन गट केले. कान्हेरी लेणी गेटपासून पाच-सहा किलोमीटर आत आहेत, बसनं जाता येतं, पण तिथं पोचल्यावर पायऱ्याच पायऱ्या, आजींना शक्य नव्हतं. तेव्हा हे, ताईचे मिस्टर आणि थोरला कान्हेरीला. शंभरावर लेणी आहेत, १०९ मोजतात. थोरला परत आला तो बुद्धाच्या वीस-बावीस फुटी मूर्तीपेक्षा पाण्याच्या टाक्यांविषयीच बोलत होता. प्रत्येक लेण्याला आपलं टाकं, आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी खडकात चर खोदून त्या टाक्यांत आणलेलं, दोन हजार वर्षांपूर्वी. "आई, आपल्या सोसायटीला टँकर लागतो," असं म्हणाला. मी काय बोलणार. ह्यांचा चष्म्याचा डबा माकडानं पळवला. चष्मा डोळ्यावर होता म्हणून वाचला. खाण्याची पिशवी हातात मोकळी धरू नका, सॅकमध्ये टाका आणि चेन लावा.

आम्ही बायका आणि धाकटी खाली, दहिसर नदीच्या बाजूला झाडाखाली. नदीला पाणी थोडंच, पण खडक मस्त. तिथं एक वारली मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या. पेरू, बोरं, आवळे, काकडी. पेरू चिरून तिखट-मीठ लावून दिला, आजींना दात नाहीत म्हणून त्यांना पिकलेला मऊ पेरू शोधून दिला, न मागता. त्यांचा पाडा जंगलातच आहे. मी मूर्खासारखं विचारलं, बिबट्या येत नाही का? "येतो की. आमी त्याच्या वाटंला जात नाय, तो आमच्या वाटंला येत नाय." मग हात जोडून, वाघोबाचं देवस्थान हाय आमचं, असं म्हणाल्या. रात्री पोरांना एकटं बाहेर सोडायचं नाही, उजेड ठेवायचा, कोंबड्या आत घ्यायच्या, बास. आपण शहरात एक उंदीर दिसला की सोसायटीच्या ग्रुपवर दहा मेसेज टाकतो.

धाकटीनं त्या मावशींच्या शेजारी बसून दुकान मांडलं. वाळलेली पानं विकली, एक रुपयाला एक. दोन कॉलेजच्या पोरींनी खरंच घेतली. कमाई तीन रुपये, लगेच बोरं घेतली. आईस्क्रीमचा रकाना तिनं त्या दिवशी खोडून "बोरं" केला आणि दहा दिले, म्हणजे आकडे उलटे काढून आधी शून्य, मग एक.

बाकाचं काय? आजी बाकावर बसल्याच नाहीत. सरळ जमिनीवर, मुळावर टेकून, मावशींच्या टोपलीशेजारी. उठवताना मी, ताई आणि मावशी तिघी लागलो. मार्क विचारल्यावर म्हणाल्या, झाडाला बाकाचे मार्क देता येतात का बघ. थोरल्यानं साडेनऊ लिहिलं, स्वतःच ठरवून.

माहीमजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान राहून गेलं. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर झाडं लावून ३७ एकरांचं रान उभं केलंय म्हणतात, मिठी नदीच्या काठाला, धारावीला लागून. बघायचं होतंच. पण शनिवारी दुपारी चार वाजता पोरांनी लोकलमध्येच माना टाकल्या आणि रात्रीची गाडी होती. खर्चाचं विचाराल तर चार दिवसांची सगळी तिकिटं मिळून एका वॉटर पार्कच्या एका माणसाच्या तिकिटाएवढीही झाली नसतील, खाण्यापिण्याचं मात्र विचारू नका.

जाणाऱ्यांना अजून थोडं. दुपारी बारा ते चार कुठल्याही बागेत राहू नका, डिसेंबरातसुद्धा मुंबईचं ऊन चिकट असतं. पाण्याची बाटली माणशी एक. आत शिरल्या शिरल्या आधी स्वच्छतागृह कुठं आहे ते बघून ठेवा, पाच वर्षांच्या पोराला आणि बहात्तर वर्षांच्या माणसाला थांबता येत नाही. आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर नंबर त्यांच्यापण हातावर लिहा, लाजू नका.

ती वही आता आमच्या फ्रीजवर असते. मागच्या आठवड्यात बघते तर शिवाजी पार्कच्या पुढचा सहा खोडून कुणीतरी वाकड्या अक्षरात आठ केला होता. थोरला म्हणाला मी नाही. आजींना विचारलं तर म्हणाल्या, त्या दादरच्या आजींचा फोन आला होता, तासभर बोलत होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय त्यांचं.